विमानाची जागल

१/ २० मे १९२७ च्या सकाळी न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवरून चार्ल्स लिंडबर्गने उड्डाण केले आणि साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरला. आदल्या रात्रीही त्याला झोप मिळालेली नव्हती. आज पुण्यातला एखादा विद्यार्थी तसेच महासागरपार उड्डाण आपल्या खोलीतल्या संगणकावर सुरू करतो, ऑटोपायलट लावतो आणि जेवायला उठून जातो. या दोन दृश्यांच्या मधल्या काळात विमान राखण्याची कल्पना कशी बदलत गेली, त्याचा हा इतिहास.

२/ शेतात पीक उभे असताना माळ्यावर बसून रात्रभर केलेल्या राखणीला मराठीत ‘जागल’ म्हणतात. जागल करणारा बहुतेक वेळ काहीच करत नसतो. त्याचे असणे हेच त्याचे काम असते. लांब पल्ल्याच्या उड्डाणातील वैमानिकाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. फरक इतकाच, की लिंडबर्गला नुसते असून भागणार नव्हते. त्याचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ स्वभावतः अस्थिर होते. हात सैल पडला की ते मार्ग सोडी. याच दोषाने आपल्याला जागे ठेवले, असे पुढे त्याने स्वतः नोंदवले.

३/ ही सततची झुंज यंत्रावर सोपवण्याची कल्पना मात्र लिंडबर्गच्या आधीची आहे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझों येथे सीन नदीवर विमानसुरक्षेची स्पर्धा भरली होती. अमेरिकेच्या लॉरेन्स स्पेरीने आपले कर्टिस बनावटीचे जलविमान परीक्षकांसमोरून नेले आणि दोन्ही हात वर केले. त्याचा फ्रेंच साहाय्यक एमिल काशॅं चालत्या विमानाच्या पंखावर चढून उभा राहिला. त्याच्या वजनाने विमान कलायला हवे होते. क्षणभर डुलून ते पुन्हा समतल झाले. पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक स्पेरीला मिळाले.

४/ या चमत्कारामागे जायरोस्कोप होता. वेगाने फिरणारी चकती आपल्या आसाची दिशा सहजासहजी सोडत नाही. विमान कलले तरी चकती कलत नाही. दोघांमधला हा फरक ओळखून यंत्र पंखांवरचे आणि शेपटावरचे फलक हलवते. लॉरेन्सचे वडील एल्मर स्पेरी यांनी हेच तत्त्व आधी जहाजांसाठी वापरले होते. यंत्राची मर्यादाही इथेच दिसते. आपण समतल आहोत की नाही, एवढेच त्याला कळे. आपण कुठे आहोत आणि कुठे उतरायचे आहे, हे त्याच्या गावीही नव्हते.

५/ हे यंत्र सर्वांच्या हाती लगेच पोचले नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले, ते एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून. त्यात ऑटोपायलट नव्हता, रेडिओही नव्हता. वैमानिकाचे डोळे, होकायंत्र आणि खाली दिसणारी भूमी यांच्या भरवशावर भारतातील नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली.

६/ पुढच्याच वर्षी ऑटोपायलटची खरी कसोटी लागली. जुलै १९३३ मध्ये वायली पोस्ट हा एकाक्ष वैमानिक ‘विनी मे’ नावाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. ७ दिवस, १८ तास, ४९ मिनिटांत त्याने ती पूर्ण केली. दोन वर्षांपूर्वी हीच प्रदक्षिणा करताना हॅरॉल्ड गॅटी हा मार्गदर्शक त्याच्यासोबत होता. आता गॅटीच्या जागी स्पेरींचा ऑटोपायलट आला होता. वाटेत तो वारंवार बिघडला आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पोस्टला खोळंबावे लागले.

७/ पोस्टविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. तो हातात पाना धरून बसे आणि पान्याची दोरी बोटाला बांधलेली असे. डुलकी लागली की पाना हातून सुटे, दोरीचा हिसका बसे आणि त्याला जाग येई. ऑटोपायलट असलेल्या विमानात वैमानिकाने स्वतःसाठी गजराची सोय करावी, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. हाताचे काम यंत्राने घेतले होते. लक्ष ठेवण्याचे काम माणसाकडेच उरले होते, आणि हात रिकामे झाल्यामुळे ते अधिक अवघड झाले होते.

८/ १९४७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एका सी-५४ लष्करी विमानाने न्यूफाउंडलंडमधील स्टीफनव्हिल येथून इंग्लंडमधील ब्राइझ नॉर्टनपर्यंतचा प्रवास केला. उड्डाण, अटलांटिक महासागरावरचा प्रवास आणि अवतरण, सर्व काही स्वयंचलित यंत्रणेने पार पाडले. विमानात माणसे होती, पण त्यांनी नियंत्रणांना हात लावला नाही. हात न लावता समुद्र ओलांडता येतो, हे तेव्हाच सिद्ध झाले. तरीही त्यानंतर कोणी प्रवासी विमानातून वैमानिक उतरवून ठेवला नाही.

९/ सिम्युलेटरचा उगम याच्या नेमक्या उलट गरजेतून झाला. एडविन लिंकच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधल्या भात्यांवर डुलणारी एक लाकडी कॉकपिट लिंकने १९२० च्या दशकाच्या अखेरीस तयार केली. प्रारंभी जत्रेतल्या खेळण्यापलीकडे तिला फारसे कोणी विचारले नाही. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे टपालवाहतूक सोपवण्यात आली. खराब हवेत केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. उपकरणांवरची नजर ढळू न देणे, हाच त्या यंत्राचा धडा होता.

१०/ घरातल्या संगणकावर हे यंत्र आणले ब्रूस आर्टविकने. इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये त्याने संगणकावर उड्डाणाचे दृश्य उभे करण्याविषयी प्रबंध लिहिला. पुढे त्याच्या सबलॉजिक कंपनीने ॲपल २ या संगणकासाठी पहिला सिम्युलेटर काढला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टची आवृत्ती आयबीएम पीसीवर आली. तिच्यातले जग शिकागो, लॉस एंजेलिस, सिॲटल आणि न्यूयॉर्क-बोस्टन या चार भागांपुरते होते. एवढ्या अंगणात लांब पल्ला नव्हता, म्हणून राखणीचा प्रश्नही नव्हता.

११/ प्रश्न उभा राहिला तो अंगण पृथ्वीएवढे झाल्यावर. १९९९ मध्ये आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २०००’ मध्ये जगभरचे वीस हजारांहून अधिक विमानतळ होते आणि विमानांमध्ये बोइंग ७७७ व कॉनकॉर्ड यांची भर पडली होती. मुंबई ते न्यूयॉर्क हे उड्डाण आता घरातल्या मेजावरून करता येणार होते. त्याला सुमारे सोळा तास लागतात. खऱ्या विमानात अशा प्रवासासाठी साधारणतः चार वैमानिक असतात. ते पाळीपाळीने काम करतात आणि त्यांच्या झोपेसाठी वेगळी जागा असते. घरात मात्र वैमानिक एकच, आणि त्याला सकाळी महाविद्यालयात जायचे असते.

१२/ म्हणून सिम्युलेटर चालू ठेवून झोपी जाण्याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. सोळा तास एकट्याने जागण्याची परवानगी खऱ्या विमानसेवेतही कोणाला नाही. चौघांची जागल एकाने करायची, हीच घरगुती लांब उड्डाणाची मूळ अडचण आहे. तिच्यावर या छंदाने काढलेले उपाय समजून घेण्यासाठी आधी ऑटोपायलट काय करत नाही, हे पाहिले पाहिजे.

१३/ १९८० च्या दशकारंभी बोइंग ७५७ आणि ७६७ या विमानांबरोबर उड्डाण-व्यवस्थापन संगणक प्रवासी विमानांत रुळला. मार्गावरचे बिंदू, वारा, इंधन आणि उंची यांचा हिशेब तो करतो. उतरण्यास कोठे प्रारंभ करावा, तो बिंदूही तोच ठरवतो. परंतु बोइंगच्या रचनेत एक अट आहे. समोरच्या पट्टीवरची उंचीची खुंटी वैमानिकाने फिरवून खालचा आकडा लावला नसेल, तर बिंदू आला तरी विमान उतरत नाही. संगणक सूचना देतो आणि आहे त्याच उंचीवर पुढे जात राहतो. माणसाची संमती हा या यंत्रणेचा भाग आहे, ती यंत्रणेतली उणीव नव्हे.

१४/ यात चुकीला किती वाव असतो? उंचीच्या हजारांना तीनने गुणले की उतरण्यासाठी लागणारे सागरी मैल मिळतात, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. ३७ हजार फुटांसाठी तो आकडा १११ सागरी मैल, म्हणजे सुमारे २०५ किलोमीटर येतो. हा बिंदू ओलांडला की मिनिटाला जवळपास १५ किलोमीटरने विमान आपल्या मुक्कामाकडे आणि मग त्याच्या पलीकडे धावू लागते. मोठे ७७७ ताशी सात-आठ टन इंधन जाळते. प्रवासाच्या शेवटी टाकीत राखीव साठाच उरलेला असतो. घरातला वैमानिक दोन तास उशिरा उठला, तर विमान समुद्रात किंवा डोंगरात गेल्याचे त्याला पडद्यावर वाचायला मिळते.

१५/ पडद्यावरचे हे दृश्य खऱ्या आकाशातही घडले आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून निघालेल्या हेलिऑस एअरवेजच्या ७३७ विमानात हवेचा दाब राखणारी यंत्रणा स्वयंचलित स्थितीत नव्हती. धोक्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. प्राणवायूअभावी ते बेशुद्ध झाले. ऑटोपायलटने विमान ठरल्या मार्गाने अथेन्सजवळ आणले आणि तेथे ते ३४ हजार फुटांवर घिरट्या घालत राहिले. ग्रीक हवाई दलाच्या लढाऊ विमानांतून हे दिसत होते. इंधन संपल्यावर विमान कोसळले आणि १२१ जण मृत्युमुखी पडले. यंत्राने आपले काम अखेरपर्यंत बिनचूक केले होते.

१६/ घरगुती सिम्युलेटरजवळ मात्र खऱ्या आकाशात कोणाजवळही नसलेली एक शक्ती आहे. त्याला काळ थांबवता येतो. पीएमडीजी या कंपनीच्या सिम्युलेटर विमानांत उतरण्याच्या बिंदूवर उड्डाण आपोआप थांबवण्याची सोय आली. रात्री अटलांटिकवर विमान सोडून झोपावे आणि पहाटे उठावे, तो विमान त्याच बिंदूवर आकाशात स्तब्ध उभे. चहा होईपर्यंतही ते थांबते. लांब उड्डाणांच्या शौकिनांमध्ये ही सोय फार प्रिय झाली, यात नवल नाही.

१७/ दुसरा उपाय काळ आवळण्याचा. चौपट वेगाने सोळा तासांचे चार तास होतात. परंतु संगणकाची हिशेब करण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे ऑटोपायलटची दुरुस्ती उशिरा पोचते, मग ती गरजेपेक्षा जास्त होते आणि विमान झुलू लागते. सोळापट वेगात वळणबिंदू आला की ते मार्गापासून दूर भरकटते. २०१३ मध्ये आलेल्या पीएमडीजीच्या ७७७ मध्ये सरळ प्रवासात काळ आपोआप वेगवान करणारी आणि वळण किंवा घटना जवळ येताच तो पूर्ववत करणारी सोय होती. अनेक आभासी विमानकंपन्या मात्र असा वेगवान प्रवास आपल्या नोंदवहीत मान्य करत नाहीत.

१८/ विमान नीट असले तरी संगणक दगा देई. २००६ चा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ ३२-बिट होता, म्हणून त्याला ४ गिगाबाइटपलीकडची स्मृती वापरता येत नसे. तासागणिक ती भरत जाई आणि मुक्कामाच्या विमानतळाचे तपशीलवार दृश्य चढू लागले की नेमक्या त्या क्षणी सिम्युलेटर बंद पडे. तेरा-चौदा तासांचा प्रवास धावपट्टी दिसत असताना संपे. म्हणून ठरावीक मिनिटांनी उड्डाण जतन करणारी एफएसयूआयपीसी ही पूरक प्रणाली अनेकांच्या संगणकावर असे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला विभाग बंद केल्यावर हा वारसा लॉकहीड मार्टिनकडे गेला. पोस्टचे ‘विनी मे’ बनवणाऱ्या लॉकहीडचीच ही उत्तराधिकारी कंपनी. तिच्या ‘प्रीपेअर३डी’ची २०१७ मधील आवृत्ती ६४-बिट झाली आणि स्मृतीची ही भिंत हटली.

१९/ महाराष्ट्रात याला आणखी एक पदर होता. त्या दशकात राज्यातील मोठा भाग भारनियमनाखाली होता. यूपीएसची बॅटरी काही मिनिटेच तग धरे, त्यामुळे लांब उड्डाणाचे वेळापत्रक विजेच्या वेळापत्रकाशी जुळवणे क्रमप्राप्त होते. खरा वैमानिक हवामानाचा अंदाज पाहून इंधन ठरवतो. इथे वीज जाण्याची वेळ पाहून उड्डाणाची वेळ ठरे. अडचण वेगळी असली तरी विचार करण्याची रीत तीच होती.

२०/ आतापर्यंतचे सर्व उपाय एकट्या माणसाचे होते. माणसे आंतरजालावर एकाच आभासी आकाशात उतरली, तेव्हा काळ थांबवण्याची मुभा संपली. १९९८ मध्ये आयव्हीएओ आणि २००१ मध्ये व्हॅटसिम ही जाळी उभी राहिली. तेथे विमाने चालवणारे आणि हवाई वाहतूक नियंत्रक, दोघेही स्वेच्छेने आलेले शौकीन असतात. व्हॅटसिमच्या नियमावलीत, जोडलेले विमान ३० मिनिटांहून अधिक काळ राखणीविना सोडण्यास मनाई आहे. नियंत्रकाने हाक मारूनही उत्तर आले नाही, तर पर्यवेक्षक ते विमान जाळ्यातून काढून टाकू शकतात.

२१/ हा नियम वरकरणी खेळाला जाचक वाटतो. त्यामागचे कारण मात्र साधे आहे. एकट्याच्या संगणकावर झोपलेला वैमानिक फक्त स्वतःचे उड्डाण गमावतो. सामायिक आकाशात तोच वैमानिक दुसऱ्याच्या मार्गात उतरण्याचे विसरलेले विमान सोडून जातो, आणि आपली संध्याकाळ खर्चून बसलेला नियंत्रक रिकाम्या खुर्चीला हाका मारत राहतो. शेताची राखणही शेजाऱ्याच्या पिकासाठी तेवढीच असते. आपले जनावर सुटले, तर नुकसान आपल्याच बांधापुरते राहत नाही.

२२/ मग ३० मिनिटांच्या मर्यादेत महासागर कसा ओलांडायचा? याचे उत्तर खऱ्या विमानांकडेच होते. समुद्रावरच्या रेडिओची खरखर तासन्‌तास ऐकणे वैमानिकांना असह्य होते, म्हणून ‘सेलकॉल’ ही पद्धत आली. प्रत्येक विमानाला अक्षरांचा एक संकेत दिलेला असतो. नियंत्रकाने त्याचे सूर पाठवले की त्याच विमानात घंटा वाजते. ही घंटा घरगुती सिम्युलेटरमध्येही आली. वैमानिक शेजारी पुस्तक वाचत बसला असला तरी हाक त्याच्यापर्यंत पोचते. घंटेमुळे कान मोकळे होतात, खोली सोडण्याची परवानगी मात्र मिळत नाही.

२३/ खऱ्या ७७७ मध्ये याहून पुढची एक व्यवस्था आहे. वैमानिकाने बराच वेळ कोणत्याही कळीला हात लावला नाही, तर विमान पडद्यावर त्याच्या प्रतिसादाची मागणी करते आणि उत्तर नाही मिळाले तर इशारा चढवत नेते. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली असलेली ‘डेड मॅन’ मूठ हीच विचारसरणी सांगते. मूठ सुटली की ब्रेक लागतात. पण गाडी रुळांवर थांबवता येते, विमान आकाशात थांबवता येत नाही. म्हणूनच विमानाला माणसाला उठवण्यापलीकडे दुसरा मार्ग नाही.

२४/ उठवण्यासाठीही माणूस उपलब्ध असावा लागतो. २१ ऑक्टोबर २००९ रोजी सॅन डिएगोहून मिनिआपोलिसला निघालेले प्रवासी विमान मुक्काम ओलांडून सुमारे २४० किलोमीटर पुढे गेले. दोन्ही वैमानिक जागे होते आणि लॅपटॉपमध्ये गुंतले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबईहून ब्रुसेल्सला जाणारे एक विमान तुर्कस्तानवर नेमून दिलेल्या उंचीखाली सुमारे पाच हजार फूट आले. तेव्हाच्या वृत्तांनुसार एक वैमानिक विश्रांती घेत होता आणि दुसरा टॅबलेटवर काम करत होता. नियंत्रकाच्या हाकेने ते सावध झाले. दोन्ही विमाने सुखरूप उतरली. दोन्ही ठिकाणी खुर्ची रिकामी नव्हती, तरी राखण सुटली होती.

२५/ स्पेरीने हात वर केले, त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरने उपग्रहचित्रांवरून उभारलेली पृथ्वी घराघरात नेली आणि त्यात पुन्हा एक पिढी लांब उड्डाणे करू लागली. तिला लागणारे शहाणपण जुनेच आहे. प्रवासाचा निवांत भाग आपल्या झोपेच्या वेळेत येईल असे निघावे. उतरण्याच्या बिंदूच्या पाऊण तास आधीचा गजर लावावा. संगणकाची झोप आणि त्याची अद्ययावतने आधीच बंद ठेवावीत. सामायिक आकाशात झोप येऊ लागली, तर जोडणी तोडून मगच अंथरुणाला पाठ टेकावी.

२६/ मग पहाटे गजर वाजतो. घरात सगळे झोपलेले असतात, पडद्यावर ढगांच्या कडेला उजेड फुटलेला असतो आणि संगणकाची सूचना केव्हापासून वाट पाहत असते. पोस्टच्या बोटाची दोरी, सेलकॉलची घंटा आणि उशाशी ठेवलेला मोबाइल, ही एकाच कामाची तीन साधने आहेत. रात्रभर चार हजार कोस विमान यंत्राने वाहून आणलेले असते. उंचीची खुंटी फिरवण्यासाठी मात्र कोणीतरी खुर्चीत येऊन बसावे लागते.